‘गरीबा’ आहे, ‘फकीरा’ नाही

रमजानचा चाँद दिसायच्या आधीच आमच्या गल्लीत पिशव्या भरायचं काम सुरू होतं. तांदूळ, साखर, तेल, चहापत्ती, शेवया, खजूर. याद्या निघतात, घरं ठरतात, पोरं मोटारसायकलवरून पिशव्या पोहोचवतात. कॉलेजात शिकवायला लागल्यापासून मी दरवर्षी या कामात असते. यंदा मात्र पिशव्या भरताना हात मध्येच थांबत होता. त्याचं कारण गेल्या मे महिन्यात जॉर्डनमध्ये माझ्याकडून झालेली एक चूक आहे.

माझे दीर उत्तर जॉर्डनमधल्या इरबिद शहराजवळ कपड्यांच्या कारखान्यात नोकरी करतात. तिथल्या कारखान्यांत भारत, बांगलादेश, श्रीलंकेची माणसं पुष्कळ आहेत. त्यामुळे इचलकरंजीत माग बघत वाढलेला माणूस तिथे पोहोचला यात नवल नाही. जाऊबाई आठवड्यातून तीन दिवस सीरियन निर्वासित महिलांच्या एका केंद्रात शिवणकामाला मदत करतात. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत येतोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “भाभी, नुसतं फिरून जाऊ नका. दोन आठवडे केंद्रात या. आपल्याकडचं काहीतरी त्या बायकांना दाखवा.”

मग काय, मी प्राध्यापकी तयारी केली! पन्हाळा, अजिंठा, पंढरीची वारी, आपल्याकडचे उरूस, सगळ्याची चित्रं लॅपटॉपमध्ये घेतली. मेहंदीचे साठ कोन घेतले, कांदालसूण मसाला घेतला. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अम्मींनी, जुन्या साड्यांचं एक गाठोडं बांधलं. विमानात वजन होईल म्हणून मी कुरकुरले, तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

माझा कार्यक्रम सात मिनिटांत आटोपला. मेहंदीचं त्यांना कसलं कौतुक? हिना हा शब्दच मुळात त्यांचा, आणि लग्नात हात रंगवणं त्यांच्याकडेही आहेच. आपल्या हिंदी मालिका अरबीत डब होऊन त्यांच्या घराघरांत कधीच पोहोचलेल्या. बायकांनी माझ्या मुलीला गराडा घालून शाहरुख खानची चौकशी केली आणि आपापल्या कामाला लागल्या. माझे पती बाहेर अंगणात मुलांना गणित शिकवायला बसले होते. तिथेही तिसऱ्या दिवसापासून क्रिकेटच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी अम्मींनी काही न बोलता गाठोडं सोडलं, जमिनीवर साडी अंथरली आणि वाकळ शिवायला घेतली. अम्मींना दखनी येते आणि मराठी येते, अरबी म्हणाल तर नमाजपुरती. दहा मिनिटांत त्यांच्याभोवती आठ-दहा बायका. एकीनं विचारलं, “लिहाफ?” अम्मी म्हणाल्या, “हाँ, लिहाफच!” पांघरुणाचा हा शब्द उर्दूत अरबीतूनच आलेला. मग दोन्हीकडून शब्दांची मोजदाद सुरू झाली. आपली खुर्ची ती त्यांची कुर्सी, आपलं दुकान ते त्यांचं दुक्कान. आणि दोरा संपला की दोन्हीकडच्या बायका एकाच सुरात म्हणायच्या, “खलास!”

चौथ्या दिवसापासून बायका घरून स्वतःचे तुकडे आणू लागल्या. लेकीचा आखूड झालेला शाळेचा झगा, पडद्याची पट्टी. एकीनं राखाडी कांबळं आणलं. छावणीत आल्या आल्या प्रत्येक कुटुंबाला मिळायचं, तसलं. तिला ते घरात डोळ्यांसमोर नको होतं आणि टाकवतही नव्हतं. अम्मींनी ते वाकळीच्या आत घातलं, दोन्ही बाजूंनी साड्या लावल्या आणि कडेनं टाके घालायला तिलाच बसवलं.

या बायका बहुतेक दरा आणि आसपासच्या खेड्यांतल्या. दरा हे सीरियाच्या दक्षिण टोकाचं शहर, सीमा ओलांडली की इरबिद फार दूर नाही. मार्च २०११ मध्ये सीरियातला उठाव याच शहरात पेटला आणि पुढच्या वर्षी, जुलै २०१२ मध्ये, जॉर्डननं झातरीची छावणी उघडली. वाळवंटातल्या त्या तंबूंचं पुढे सुमारे ऐंशी हजार वस्तीचं शहर झालं. आपल्याला टीव्हीवर छावणी दिसते, पण जॉर्डनमधल्या दर पाच सीरियन निर्वासितांपैकी चार छावणीबाहेर, गावाशहरांत भाड्याच्या खोल्यांत राहत आले आहेत. नोंद झालेल्यांचा आकडा एकेकाळी साडेसहा लाखांवर होता. सीरियन लोकांना कामाचे परवाने द्यायला २०१६ पासून सुरुवात झाली, पण त्यात बायकांचा वाटा अगदी नगण्य.

त्या बायकांत दऱ्याजवळच्या खेड्यातल्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. आम्ही त्यांना खाला म्हणायचो. आईच्या बहिणीला अरबीतही खालाच म्हणतात. त्यांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. दोन खोल्या, वर पत्र्याची गच्ची, पाच माणसं. त्यांनी मकलूबा केला होता. भात, वांगी आणि कोंबडी एकावर एक रचून शिजवायची आणि परातीत पातेलं उलटं करायचं. पातेलं उचलताना घरातली सगळी श्वास रोखून उभी होती. भात न मोडता उभा राहिला तेव्हा अम्मींनी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा बोलावलं. मी हिशेब केला. सात-आठ माणसांचं जेवण, कोंबडी, तांदूळ, घराचं भाडं, मुलाची रोजंदारी. मी गोड बोलून नकार दिला. जेवण नको, चहाला येऊ म्हटलं. शिवाय जाताना तिच्या हातात काही दिनार ठेवावेत असं मनात होतं, ते मी पुतणीकरवी बोलूनही दाखवलं. पुतणी तिथल्याच शाळेत शिकते, दुभाषी तीच.

खालांचा चेहरा उतरला. त्या एवढंच म्हणाल्या, “अना गरीबा, मिश फकीरा.”

मला वाटलं, ‘मी गरीब आहे’ असं त्या म्हणताहेत. पुतणी म्हणाली, “बडी अम्मी, तसं नाही. अरबीत गरीब म्हणजे परका, आपल्या मुलखापासून लांब पडलेला. पैसे नसलेल्याला फकीर म्हणतात. त्या म्हणतायत, मी परमुलखात आहे, भिकेला लागलेली नाही.”

वीस वर्षं उर्दू शिकवते मी. गुर्बत म्हणजे मुळात परदेशवास, गरीबुलवतन म्हणजे वतनापासून दुरावलेला, हे वर्गात फळ्यावर लिहून देते. प्रश्नपत्रिकेत विचारते. आणि समोर ते माणूस बसलेलं असताना मला फक्त आपल्याकडचा अर्थ ऐकू आला, ज्यात गरीब म्हणजे पिशवी द्यायचा माणूस.

त्या जेवायला अम्मी एकट्या गेल्या. मला म्हणाल्या, “उनो बुलाई है तो जाना. तू बैठ हिशोब करती.”

अम्मींना हे का कळलं, ते मला माहीत आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातलं आमचं जुनं घर पाण्यात गेलं. अम्मींनी नऊ दिवस शाळेच्या वर्गात काढले. देशभरातून मदत आली, तिचे उपकार आहेतच. पण जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते तेही आपण सर्वांनी पाहिलंय. ज्यांच्या घरी उरुसाला शंभर पान उठायचं, त्या अम्मींना किट घेताना फोटोसाठी मान वर करायला सांगितलं गेलं. त्या काळात त्यांना सगळ्यात जास्त काय आठवायचं? शेजारच्या वर्गातल्या जैन बाईंनी त्यांच्याकडून मागून घेतलेला अद्रकाचा तुकडा. नऊ दिवसांत कुणीतरी त्यांच्याकडे काही मागितलं होतं.

कुरआनच्या ‘तौबा’ या सूरेत जकातचे आठ हक्कदार सांगितले आहेत. पहिला फकीर, दुसरा मिस्कीन आणि शेवटचा इब्नुस्सबील, म्हणजे वाटेचं लेकरू, वाटसरू. घरी श्रीमंत असला तरी वाटेत अडकलेला माणूस या यादीत बसतो. यादीत फकीर वेगळा आणि वाटसरू वेगळा आहे. आपण मात्र देताना सगळ्यांना पहिल्याच रांगेत उभं करतो.

हे फक्त मुसलमानांच्या जकातीपुरतं नाही. कोल्हापूरकर कापड घ्यायला गांधीनगरला जातात. तिथे वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. ते गेल्यावर फाळणीत सगळं मागे टाकून आलेले सिंधी तिथे वसले. आज त्याच सिंधी व्यापाऱ्यांकडून आपण लग्नाचा बस्ता उधारीवर नेतो. त्यांना कायम किटाच्या रांगेतच ठेवलं असतं, तर ही पेठ उभी राहिली असती का? भारत काय किंवा जॉर्डन काय, १९५१ च्या निर्वासित करारावर दोघांचीही सही नाही. तरी माणसं आली आणि राहिली. त्यांना किती दिवस पाहुणं ठेवायचं आणि कधी शेजारी म्हणायचं, हे शेवटी पेठेतल्या आणि गल्लीतल्या माणसांनीच ठरवलं.

पिशव्या वाटू नयेत असं मी मुळीच म्हणत नाही. पोट रिकामं असेल तर पिशवीच हवी, आणि इरबिदमध्येही अनेक घरांना ती हवी आहे. मदतीचे आंतरराष्ट्रीय पैसे आटत चालल्याचं केंद्रात रोज बोललं जायचं. माझं म्हणणं एवढंच की ज्याला आपण देतो त्याच्या घरचं आपण कधी खातो का? आमच्या यादीतल्या घरांपैकी एकाही घरी मी आजवर इफ्तारला बसलेली नव्हते. यंदा तीन घरी बसले. एका घरात फक्त भजी आणि कलिंगड होतं. त्या बाईनं मला तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा मी नको म्हटलं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसची राजवट कोसळल्यापासून अनेक कुटुंबं परत निघाली. खालाही गेल्या पावसाळ्यात गेल्या. घराला छप्पर राहिलेलं नाही, एकच खोली उभी आहे, त्यातच यंदाचा रमजान. परवा पुतणीच्या फोनवर त्यांनी फोटो पाठवला. खिडकीला तावदान नाही, तिथे अम्मींच्या अबोली साडीची वाकळ खिळ्यांना अडकवलेली. खाली लिहिलं होतं, ईदला या, मकलूबा करते.

अम्मींनी फोटो दोन वेळा मोठा करून पाहिला आणि मला म्हणाल्या, “किनार उसवली बघ. टिकट कितने का है?”