पडीक फडाला पापी म्हणू नका

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. भांडण घरातलंच आहे, आपल्या ख्रिस्ती लोकांशी.

आई गेली त्यानंतर जवळजवळ वर्षभर माझी प्रार्थना कोरडी होती. गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे आणि गॅसचा नंबर लावायचा राहिलाय हे आठवायचं. एका प्रार्थना सभेत हे बोलून दाखवलं, तर निदान लगेच हजर! "विश्वास कमी पडतोय. उपास करा, आणखी मोठ्याने मागा." घरी आलो तो दुप्पट कोरडा होऊन.

हा सल्ला मला मुळातच चुकीचा वाटतो. तो देणाऱ्यांनी आधी 88 वं स्तोत्र शेवटपर्यंत वाचावं. ते अंधारातच संपतं. शेवटी सांत्वन नाही, उपकारस्तुती नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, विश्वास कमी म्हणून कुणी काढून टाकलेलं नाही. मदर तेरेसांची खाजगी पत्रं 2007 साली पुस्तकात आली, तेव्हा जगाला कळलं की ही बाई कित्येक दशकं आतून कोरडी होती. काम मात्र थांबलं नव्हतं. त्यांनाही 'मोठ्याने मागा' असंच सांगणार का?

कोरड म्हणजे काय, हे आम्हा धुळेकरांना कुणी शिकवायला नको. आमच्या पांझरेवर काही शतकं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, तिथून पाट, आणि जमिनीचे मोठे भाग म्हणजे फड. पाणी कमी असलं की त्या साली कोणते फड भिजवायचे हे सगळे मिळून ठरवत. बाकीचे पडीक. एकेकाची जमीन वेगवेगळ्या फडांत असायची, म्हणून झळ एकट्याला बसत नसे. पडीक राहिलेल्या फडाला कुणी पापी म्हटल्याचं ऐकिवात नाही. आणि पाटातला गाळ काढायचा तो पाणी नसतानाच.

हे मला माझ्या जळगावच्या आत्यामुळे समजलं. ती फोनवर एवढंच म्हणाली, "तू नको करू रे काही दिवस. तुझ्या वाटची मी करते. तू नुसता बसत जा."

मी बसत गेलो. रोज सकाळी दहा मिनिटं, एक स्तोत्र, मागणं काही नाही. चमत्कार वगैरे झाला नाही. फक्त एका सकाळी घड्याळ बघायचं राहून गेलं. आईची आठवण आली, पोटभर रडलो, आणि कितीतरी महिन्यांनी वाटलं की समोर कुणीतरी ऐकतंय...

तेव्हा कुणी 'कोरडा पडलोय' म्हणाला, तर त्याच्या विश्वासाचं माप काढू नका. त्याच्या वाटची प्रार्थना करा, आणि तसं त्याला सांगा. तेवढंही जमत नसेल तर निदान गप्प बसा.

असो. आत्या, हे वाचत असशील तर रविवारी जळगावला येतोय.