काजळी कुठं जाते?

गळीत हंगाम सुरू झाला की माझी नणंद सकाळी आधी दोरीवरचे कपडे झटकते. तिचं गाव एका साखर कारखान्याशेजारी. ‘वहिनी, पांढरं काही वाळत घालायची सोयच नाही,’ म्हणते. बॉयलरमध्ये बगॅस जळतो, त्याचीच ही काजळी. मग धूर स्वच्छ करणारी यंत्रं करतात तरी काय?

आमचं केम कुंकवाचं गाव. पूड वस्त्रगाळ करणं इथल्या बायकांना नवीन नाही. ‘बॅग फिल्टर’ तेच करतो, धूर कापडी पिशव्यांतून गाळतो. ‘सायक्लोन’मध्ये धूर गरगर फिरतो आणि जड कण कडेला आपटून खाली पडतात. झाडण्याआधी आपण पाणी शिंपडतो, तसा ‘वेट स्क्रबर’ धुरावर फवारा मारतो. घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना? ‘ईएसपी’त विजेचा भार दिलेले कण तसेच पत्र्यांना चिकटतात.

पण ही धुळीची गोष्ट झाली. सोलापूरजवळ फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प आहे. कोळशातल्या गंधकाचा वायू फडक्यानं गाळता येत नाही. त्यासाठी चुनखडीचं पाणी लागतं, त्यातून जिप्सम तयार होतं. २०१५ मध्ये केंद्रानं या वायूवर मर्यादा घातली, मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक प्रकल्पांना ही यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, हे सरकारचं म्हणणं खरं आहे. पण याच वायूचे हवेत पुढं बारीक कण होतात, हेही तितकंच खरं.

साखर कारखान्याच्या चिमणीला २०१६ च्या नियमानुसार घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम धुळीची मर्यादा आहे. यंत्र नुसतं बसवून भागत नाही. त्याला वीज, पाणी, साफसफाई लागते. खर्च वाचवायला ते बंद ठेवलं, तर तो खर्च आपल्या फुप्फुसांवर पडतो. कपड्यावरची काजळी निदान दिसते, श्वासातले बारीक कण दिसतही नाहीत.

साखर कारखान्यांनी चिमणीवर सतत मोजणारं यंत्र लावावं, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०१४ चा आदेश आहे. मैत्रिणींनो, ते आकडे दर महिन्याला गावात फळ्यावर लागावेत, एवढं ग्रामसभेत मागू या. नणंदेला मी सांगितलंय, या खेपेला कपडे झटकून गप्प बसायचं नाही, ग्रामसभेला जायचं.