खिडकीजवळची कॉट

रुग्णालयाच्या आवारातली झाडं पार्किंगसाठी तोडायची ठरली की बातमीत दोन आकडे येतात: झाडं किती जाणार आणि गाड्या किती मावणार. त्या झाडांकडे तोंड करून किती कॉट आहेत, हा तिसरा आकडा मी अजून कुठे वाचलेला नाही. माझी सगळी नोकरी सर्जिकल वॉर्डात गेली, आणि माझ्या लेखी तोच आकडा सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

ऑपरेशनचा पहिला दिवस ग्लानीत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस भानावर येतो, आजूबाजूला बघायला लागतो आणि मग हळूच विचारतो, “सिस्टर, खिडकीजवळची कॉट रिकामी झाली तर मला द्याल?” आमच्या खिडक्यांबाहेर बूच होता, करंज होता आणि एक जुना कडुनिंब. पावसाळा सरला की बुचाची फुलं पहाटे खाली पडलेली असायची. पेशंटच्या घरचं कुणीतरी ती ओंजळभर वेचून आणून उशाशी ठेवायचं. उन्हं तापायला लागली की दुपारभर तांबटाची टुकटुक चाले. खेड्यातून आलेले म्हातारे शेतकरी कडुनिंबाचा मोहर पाहून पाडवा किती लांब आहे ते सांगत, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. आतल्या रांगेत, भिंतीकडे तोंड असलेले पेशंट मात्र सारखी वेळ विचारत. त्यातल्या वयस्कर माणसांना तर सकाळ की संध्याकाळ हेच उमगत नसे. मग रात्री ती उठून बसत, सलाईन ओढत, घरच्यांना हाका मारत. हा गोंधळ औषधांनी होतो, तापाने होतो, झोप मोडल्यानेही होतो. पण उजेड आणि अंधार डोळ्यांना दिसत राहिला तर माणूस भानावर राहायला मदत होते, हे नाइट ड्युटी केलेली कुठलीही सिस्टर सांगेल.

हे सगळं वाटण्यावर सोडायची गरज नाही. अमेरिकेत रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ या काळातली कागदपत्रं तपासली. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून तपकिरी विटांची भिंत. वय, स्त्री की पुरुष, वजन, विडीकाडीची सवय, मजला, सगळं जुळवून जोड्या लावल्या. झाडांना पानं असतात तेवढ्याच महिन्यांतले पेशंट घेतले. १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आला: झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. वेदनाशामक औषधांमधला फरक पहिल्या दिवशी नव्हता. तो दुसऱ्यापासून पाचव्या दिवसापर्यंत दिसला. झाडांकडच्या पेशंटना कडक औषधं कमी लागली. वाचताना मी इथेच थांबले, कारण खिडकीची कॉट मागायचे दिवस नेमके हेच.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पेशंट रडतोय, धीर द्यावा लागतोय, अशा नोंदी या अभ्यासात मोजल्या गेल्या, आणि त्या नोंदी परिचारिकांनी ड्युटीवर असताना लिहिलेल्या होत्या. भिंतीकडच्यांच्या नावावर सरासरी ३.९६ नोंदी, झाडांकडच्यांच्या १.१३. ज्या परिचारिकेने ही माहिती काढली, तिला कुणाच्या खिडकीत काय होतं हे सांगितलेलं नव्हतं. अभ्यास लहान आहे, एकाच रुग्णालयातला आणि एकाच ऑपरेशनचा आहे, हे खरं. झाडाने टाके भरत नाहीत आणि प्रतिजैविकाचा डोस चुकवून चालत नाही, हेही खरं. पण ज्या वॉर्डात दोन कॉटच्या मध्ये जमिनीवर गादी घालावी लागते, तिथे पाऊण दिवसाची किंमत काय असते ते आम्हाला विचारा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तर १८५९ सालीच आपल्या शुश्रूषेच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं की खिडकीबाहेरचं न दिसण्याने रोगी झिजतो, आणि हा परिणाम मनापुरता राहत नाही, शरीरावरही होतो.

हल्ली जंगलात नेऊन मन शांत करून आणणाऱ्या सहली निघतात. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये वनस्नानाचा पुरस्कार सुरू केला, तेव्हापासून ही कल्पना जगभर गेली. ज्याला जमतं त्याने जरूर जावं. पण पोटाला टाके असलेला माणूस ताम्हिणीला जाऊ शकत नाही. त्याची बायको तर वॉर्डाच्या दारापासूनही हलू शकत नाही. ती आवारातल्या कडुनिंबाखाली डबा उघडते, फांदीला बांधलेल्या दोरीवर लुगडं वाळत घालते, रिपोर्ट येईपर्यंत तिथेच बसून राहते. वाईट बातमी ऐकून बाहेर आलेली माणसंही त्या झाडाच्या पारावरच टेकतात. सरकारी दवाखान्यात नातेवाइकांना रडायला दुसरी जागा कुठे असते? ते झाड गेलं तर त्यांनी पार्किंगमधल्या दोन गाड्यांच्या मध्ये बसायचं का?

कायदा काही प्रमाणात आपल्या बाजूने आहे. राज्याचा शहरी वृक्षसंरक्षण कायदा १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट घातली. अट चांगली आहे. पण ती रोपं शहराच्या दुसऱ्या टोकाला लागली तर तिसऱ्या मजल्यावरच्या पेशंटला त्यांचा काय उपयोग? तोडण्याची नोटीस झाडाच्या बुंध्यावर डकवतात. कॉटवरचा माणूस खाली येऊन ती वाचणार कशी?

माझ्या मागण्या खर्चाच्या नाहीत. ज्या कॉट भिंतीकडे वळवलेल्या आहेत त्या शक्य तिथे खिडकीकडे वळवा. खिडक्यांवर लावलेले फलक आणि फ्लेक्स काढा. झाडांच्या बुंध्यापर्यंत घातलेले पेव्हर ब्लॉक उचला. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी दिला होता, तो आपल्या रुग्णालयांनी आपणहून पाळावा. नवी इमारत बांधायची असेल तर आधी झाडं नकाशावर घ्या, मग वॉर्ड आखा. आणि रुग्णालयाच्या आवारातलं झाड तोडण्याचा अर्ज येईल तेव्हा, त्या झाडाकडे ज्या वॉर्डाच्या खिडक्या उघडतात तिथल्या इन्चार्ज सिस्टरचं लेखी मत वृक्ष प्राधिकरणाने घेतल्याशिवाय अर्ज पुढे सरकू नये. खिडकीकडचे पेशंट कसे झोपले आणि भिंतीकडचे कसे, याच्या नोंदी तिच्या रिपोर्ट बुकात असतात.