अठ्ठेचाळीस के.ची कैफियत

दर दिवाळीला आमच्या घरात ठराव होतो, "ते भंगार विका!" भंगार म्हणजे धुळ्याच्या मामांनी दिलेला माझा डीबी स्पेक्ट्रम. सिंक्लेअरच्या परवान्याने डेसिबेल्सने १९८६ मध्ये भारतात आणलेला.

चिरंजीव म्हणतात, "बाबा, मोबाइलवर फुकट मिळतो तो." मिळतो हो! भरताचा फोटोही मिळतो, म्हणून जळगावकर काय फोटो चाटतात? कॅसेटने पाच मिनिटे किंचाळावे, मग 'टेप लोडिंग एरर' यावी, मग आपण स्क्रू-ड्रायव्हरने टेपरेकॉर्डरचे हेड केसभर फिरवून, आवाज पाऊणपट ठेवून पुन्हा बसावे, तो स्पेक्ट्रम! निदान चुकला की चुकलो म्हणतो. आमच्या शाखेतला सर्व्हर नुसता गप्प बसतो आणि शिव्या मी खातो.

मात्र मंडळी, माळ्यावरून काढल्या काढल्या प्लगला लावू नका. कपॅसिटर सुकलेले असतात. आधी ते बदला. नऊ व्होल्टचा दिसेल तो अडॅप्टरही खुपसू नका. याच्या पिनेत मधे ऋण असते, उलटे लावलेत तर संपलेच. कीबोर्डखालचा पडदा आमच्या उन्हाळ्यात पापडासारखा मोडतो, पण तो नवा मिळतो.

परवा भंगारवाला आला. मी त्याला सौ.ची व्यायामाची सायकल दाखवली.