विश्लेषण : डोंबिवलीची ‘डेमलो’ संख्या काय आहे?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचे हजारो प्रवासी रोज लोकलने डोंबिवली ओलांडतात. याच स्थानकाच्या जुन्या नावाने गणितातील काही संख्या जगभर ओळखल्या जातात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

नाव कसे पडले?

देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांना या संख्यांची कल्पना तत्कालीन जीआयपी रेल्वेच्या ‘डेमलो’, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर सुचली.

वैशिष्ट्य काय?

नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. ही १७ अंकी संख्या उलट वाचली तरी तीच. गुणाकार मांडल्यास एकेक घर सरकलेल्या नऊ ओळी मिळतात. त्यामुळे उभ्या रकान्यांतील एकांची बेरीज १ पासून ९ पर्यंत चढते आणि पुन्हा १ वर उतरते. हातचा कुठेच येत नाही. दहा वेळा १ घेतल्यास मधल्या रकान्यात १० होतात, हातचा येतो आणि साखळी तुटते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

यातून काय घ्यायचे?

कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिल्यावर जगाचे लक्ष गेले. हातचा प्राथमिक शाळेतच शिकवला जातो. पण तो का येतो, हे विचारायला वर्गात उसंत नसते. गुणांच्या शर्यतीत या ‘का’साठी पाच मिनिटे काढणे, हेच कापरेकरांचे खरे स्मारक ठरेल.