जमिनीखालची माती

प्राचीन घराची सारवलेली जमीन उत्खननात उघडी पडली, की पाहणाऱ्यांची गर्दी होते. चूल दिसते, खांबांची भोके दिसतात. परंतु त्या जमिनीखाली नुसती माती लागू लागली, की लोक कंटाळून घरी जातात. ‘काय सापडले?’ एवढाच त्यांचा प्रश्न असतो. उत्खननाचे मोल असे वस्तूंवरून ठरविणे योग्य नव्हे. कारण वस्तूचा काळ सांगते ती तिच्या भोवतीची माती.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. घरातले मूल दगावले, की पुष्कळदा त्याला घराच्या जमिनीतच पुरीत. दोन कुंभ आडवे ठेवून त्यांची तोंडे एकमेकांस भिडवीत आणि आत त्या मुलाला ठेवीत. सारवून राखलेली जमीन त्या दिवशी फोडावी लागे.

येथेच उत्खनकाची कसोटी लागते. जमिनीखालचा थर जमिनीहून जुना, हा सामान्य नियम. परंतु कुंभाचा खड्डा वरून खणलेला असतो. म्हणून कुंभ खोल असला, तरी भोवतालच्या थराहून अलीकडचा असतो. याचा पुरावा तो केवढा? खड्ड्यातील माती थोडी भुसभुशीत, रंगाने किंचित निराळी, इतकाच. थापीने माती खरवडून वर पाणी शिंपडले, तर खड्ड्याची कड उमटते. उन्हाने माती सुकली, की ती दिसेनाशी होते. ती वेळीच मोजून कागदावर उतरविली नाही आणि कुदळ पुढे गेली, तर कुंभ हाती येईल, पण मूल भलत्याच पिढीचे ठरेल. फुटलेला कुंभ सांधता येतो. खणलेला थर पुन्हा रचता येत नाही.

ही चूक लहान नव्हे. इनामगावात इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. हवामान कोरडे झाल्याने शेती खालावली असावी, असे उत्खनकांचे अनुमान आहे. थरांची सरमिसळ झाली असती, तर हलाखीत गेलेले मूल सुबत्तेच्या काळात गणले गेले असते.

मोहेंजोदडो येथे पूर्वी एका ठरावीक पातळीपासून खोली मोजीत आणि सारख्या खोलीवरील वस्तू एका काळच्या मानीत. १९४४ साली पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झालेले मॉर्टिमर व्हीलर यांनी या रीतीवर कठोर टीका केली, ती रास्तच होती. वस्तीची भूमी कोठे उंच, कोठे सखल असते. फूटपट्टीला ते काय ठाऊक?

धरण वा रस्ता येऊ घातला असता इतक्या सावकाशीला सवड कोठून, असे कोणी विचारील. हा आक्षेप पोकळ नाही. तथापि अशा वेळी एक खड्डा कमी खणावा. नोंद कमी करू नये. जाणते उत्खनक दोन खड्ड्यांमध्ये मातीची भिंत न खणता उभी ठेवतात, तिच्यावरील प्रत्येक थराला क्रमांकाची चिठ्ठी लावतात आणि संध्याकाळी मजूर परतल्यावरही कंदिलाच्या उजेडात त्या चिठ्ठ्या वहीतील आकृतीशी ताडून पाहतात.