जात डुकराची, जात माणसाची

१/ हातकणंगले तालुक्याची ओळख इचलकरंजीचे माग, हुपरीची चांदी आणि मळ्यांतला ऊस. गावाकडेला हिंडणारे काळे डुक्कर मात्र कुणाच्याच हिशेबात नाही. ‘देशी डुक्कर मुळातच निकस, त्याच्यावर खर्च व्यर्थ’ हे मत सर्रास ऐकू येते. इतिहास या मताला दुजोरा देत नाही. #धागा

२/ आज जगभर पाळले जाणारे पांढरे लार्ज व्हाइट यॉर्कशायर डुक्कर कुणा सरदाराच्या वाड्यात घडले नाही. इंग्लंडातील कीथली गावचा विणकर जोसेफ ट्युली याने १८५१ साली विंडसरच्या कृषी प्रदर्शनात आपली डुकरे मांडली आणि या जातीचा बोलबाला झाला. १९०४ पासून यंत्रमाग चालवणाऱ्या इचलकरंजीच्या परिसराला तरी याचे नवल वाटू नये.

३/ या सुधारणेचे सूत्र साधे होते: उत्तम नर-मादी विकायची नाही, पैदाशीला राखायची. आपल्याकडे नड असलेला पालक सर्वांत भरलेले पिल्लू आधी विकतो. उरलेला खुजा नर कळपातच वाढतो आणि स्वतःच्या बहिणींवर जातो. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले, तर निकसपणाचा दोष रक्ताला कसा द्यावा?

४/ डेन्मार्कचा दाखला अधिक बोलका आहे. १८८७ मध्ये जर्मनीने जिवंत डुकरांची आयात बंद केली. त्याच वर्षी हॉर्सेन्स येथे डॅनिश शेतकऱ्यांनी सहकारी बेकन कारखाना काढला. १९०७ पासून तिथे चाचणी केंद्रे सुरू झाली. निवडक वेतांतील पिल्ले एकसारख्या खाद्यावर वाढवायची, मापे घ्यायची आणि त्यावरून आईबापांची निवड करायची.

५/ कोल्हापूर जिल्ह्याला सहकार शिकवण्याची गरज नाही. रत्नाप्पाण्णा कुंभारांचा पंचगंगा साखर कारखाना याच तालुक्यातला. गोकुळ दूध संघ १९६३ चा. म्हशीच्या दुधाची फॅट रोज मोजली जाते, उसाचे टन मोजले जातात. डुकराच्या पिल्लाला मात्र तराजू मिळाला नाही. हे अज्ञान नव्हे, ही निवड आहे.

६/ निवडीचे कारण डुकरापेक्षा त्याच्या मालकात शोधावे. या भागात डुकरे पाळली ती मुख्यतः कैकाडी, वडार अशा समाजांनी. इंग्रजी मुलखात कैकाड्यांवर गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी हजेरीची सक्ती १९१८ मध्येच उठवली होती. ज्याला एका गावी टिकू दिले नाही, त्याने पैदाशीची वही कुठे ठेवावी?

७/ ‘विलायती नर आणा, प्रश्न सुटेल’ हाही भ्रमच. वाढीचा वेग आणि चरबीची जाडी बऱ्यापैकी रक्तातून उतरते; पण एका वेतात किती पिल्ले होतील, यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण दहा टक्केच. बाकी सारे खाद्य, निवारा आणि निगा यांवर. ११४ दिवसांनी डुकरीण विते आणि पुढच्या तीन दिवसांत कितीतरी पिल्ले तिच्याच अंगाखाली चेंगरतात किंवा गारठून मरतात.

८/ त्यावर उपाय महाग नाहीत. भिंतीलगत आडवा दांडा, पिल्लांसाठी उबदार कोपरा, पहिल्याच दिवशी चीक, तिसऱ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन, स्वाइन फीव्हरची लस. पण याला जागा, छप्पर, कर्ज आणि दारात येणारा पशुवैद्य लागतो. नेमके हेच नाकारले गेले.

९/ ‘डुकरामुळे रोग पसरतो’ हा आक्षेप खरा, पण अर्धा. पोर्क टेपवर्म डुकरात शिरतो तो माणसाच्या विष्ठेतून. उघड्यावर बसणारा माणूस आणि मोकाट सोडलेले जनावर, दोघेही या चक्रात आहेत. बंदिस्त शेडमध्ये स्वच्छ खाद्यावर वाढलेले डुक्कर त्यातून सुटते. म्हणजे हा आक्षेप सुधारणेच्याच बाजूने साक्ष देतो.

१०/ शेजारच्या गोव्याकडे पाहावे. तिथल्या गावठी काळ्या डुकराला ‘आगोंदा गोवन’ या नावाने राष्ट्रीय जातींच्या नोंदीत स्थान मिळाले. तिथे डुक्कर पाळणे ही लाजेची गोष्ट नव्हती. म्हणून त्याच्याकडे कुणी निरखून पाहिले.

११/ २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९०.६ लाख डुकरे होती, २०१२ पेक्षा बारा टक्के कमी. ही घट थोपवायची तर हातकणंगल्यात आरंभ नव्या नरापासून नको. आरंभ हवा पालकांच्या सहकारी संस्थेपासून, शेडसाठी हक्काच्या जागेपासून आणि वजनाच्या वहीपासून. डुकराची जात सुधारते. त्याआधी माणसाची जात विचारणे थांबवावे लागते.